निळ्या दाराचं पत्रक

पत्रकाचं आयुष्य कंपनीच्या गेटपासून बसच्या पायरीपर्यंत. तेवढ्या अंतरात माणसानं पहिली ओळ वाचली आणि कागद घडी घालून डब्याच्या पिशवीत टाकला, तर पत्रक जगलं. नाहीतर ते गटाराच्या कडेला पडलेलं दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गेटवर उभं राहून आपणच आपली अक्षरं तुडवतो.

गेली दहा वर्षं मी हे काम करते. कामगारांच्या एका छोट्या संघटनेसाठी पत्रकं लिहिते, आणि लिहिलेली स्वतः वाटते. संपादकांनी बजावलंय, "अनुभव लिहा, भाषण नको." प्रयत्न करते. सवय वाईट आहे.

आधी हे काम कसं चालतं ते सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं, चार शिव्या छापल्या की झालं पत्रक. मला हे शिकवलं अण्णांनी. अण्णा निगडीत राहतात. जन्मभर फिटर होते आणि त्याहून जास्त काळ पत्रकवाले. त्यांचे नियम साधे. आत जाणाऱ्या शिफ्टला पत्रक द्यायचं नाही, कारण खिशात कागद सापडला तर सिक्युरिटी विचारते. सुटणाऱ्या शिफ्टला द्यायचं. डाव्या हाताला उभं राहायचं, उजव्या हातात डबा असतो. साहेबाचं नाव मोठ्या अक्षरात, कामगाराचं नाव कधीच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम. "कामगार लिहू नकोस," अण्णा म्हणायचे. "माणूस लिही. त्याच्या डब्यात काय होतं ते लिही, त्याची पोरगी कितवीत आहे ते लिही. बिनचेहऱ्याच्या माणसासाठी कुणी चहाचा कपसुद्धा खाली ठेवत नाही."

हा नियम मला जमला. इतका जमला, की चाकणच्या गेटवर लोक पत्रक घेताना विचारायचे, "आज कुणाची ष्टोरी, ताई?" मी फुगायचे. आता लिहिताना लाज वाटते, पण फुगायचे हे खरं.

मग कोरोना आला आणि गेटं बंद झाली.

गेट बंद म्हणजे मी बेकार. शिवाय लोकांना कागदाचीच भीती बसली. पेपर बंद, दुधाची पिशवी साबणानं धुतायत, तिथं माझं पत्रक कोण हातात घेणार? पिंपळे गुरवच्या आमच्या एका खोलीच्या ऑफिसात पत्रकांचा गठ्ठा तसाच बांधलेला राहिला. माझा फोन नंबर मात्र जुन्या पत्रकांच्या तळाशी छापलेला होता. तो वाजायला लागला.

लोकांना एवढंच हवं होतं: सरकारनं काय सांगितलंय ते कुणीतरी मराठीत सांगा. सरकारनं ते मराठीतच सांगितलेलं असायचं. आदेश संध्याकाळी यायचा. त्यात आधी सगळं बंद, मग 'वगळून' हा शब्द, मग वगळलेल्यांची यादी, मग त्या यादीतून पुन्हा वगळलेले, आणि शेवटी 'पुढील आदेशापर्यंत'. सरकारी आदेश हेसुद्धा एक पत्रकच असतं. फक्त तो कोण वाचणार आहे, याचा लिहिणाऱ्यानं विचार केलेला नसतो. गावी जायला डॉक्टरचा दाखला आणा, म्हणे. गल्लीतले दवाखाने बंद. दाखला कुणाकडून आणायचा, याचा आदेश आला नाही.

एका म्हाताऱ्याचा फोन मी विसरणार नाही. चिखलीचे, तिथल्या जुन्या घराण्यातले. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांचं शेत मोशीकडं, तिथं दोन म्हशी.

"बाई, त्या कागदात जनावरं हायत का?"

"आहेत नाना. पशुखाद्य अत्यावश्यक आहे. त्याला परवानगी आहे."

"खाद्याला हाय. पर ते घालनारा मानूस हाय का त्यात?"

मी यादी दोनदा वाचली. नव्हता.

"मंग म्हशीनं जावं का दुकानात?" नाना म्हणाले, आणि फोन ठेवला. ते काठी घेऊन रोज शेतावर गेलेच. त्यांच्या चाळीत दहा खोल्या भाड्यानं आहेत, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

आता मुद्द्याचं.

चिखलीत गल्लोगल्ली पत्र्याच्या शेड आहेत. एका शेडमध्ये चार-पाच प्रेस मशीन, मोठ्या कंपन्यांना लागणारे पत्र्याचे बारीक भाग ठोकून काढतात. अशा एका शेडच्या मालकानं 'अत्यावश्यक' परवानगी मिळवली. अर्जात लिहिलं, औषधी यंत्रांचे सुटे भाग. ठोकत होता दुचाकीची ब्रॅकेटं. शटर अर्धं खाली आणि आत माणसं खांद्याला खांदा.

त्यातला एक बालाजी. लातूरकडचा, प्रेसवर ऑपरेटर. त्याला दोन दिवस ताप होता. मालक म्हणाला, गोळी घे आणि लॉट पुरा कर. तिसऱ्या दिवशी तो मशीनपाशीच बसला, तो उठेना. तपासणी झाली, गाडी आली, बालाजीला कोविड सेंटरला नेलं. बायको मीरा आणि दोन मुली यांच्या हातावर शिक्के मारले, चौदा दिवस घरातच राहायचं. मीरानं मला फोन केला.

"ताई, त्यांला नेलं ओ. मालक म्हणायलाय, हा माझ्याकडं कामालाच नव्हता."

हे ऐकून माझं डोकं सणकलं. सगळं विचारून घेतलं. किती वाजता ताप चढला, मालक नेमकं काय बोलला, मुली किती वर्षांच्या. मीरा शेवटी म्हणाली, "नाव मात्र टाकू नका, ताई."

"नाव आम्ही कधीच टाकत नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं.

मग मी बसले आणि लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक. मालकाचं नाव मोठ्या अक्षरात. कामगार नुसता 'एक कामगार'. पण माणूस! लातूरकडचा माणूस. दुसरीतली मुलगी आणि अजून शाळेत न जाणारी मुलगी. देवळामागच्या दहा खोल्यांच्या चाळीतली शेवटची खोली. मीरा बोलता बोलता म्हणाली होती, लग्नानंतर त्यांनी स्वतःच्या हातानं दार निळं रंगवलं. ते मला फार आवडलं. मी शेवट केला, 'त्या निळ्या दाराआड दोन मुली बापाची वाट बघतायत. मालकाच्या दारावर कोण थाप मारणार?'

छापायचं नव्हतंच. फोटो काढून फोनवर सोडलं. गेटवर दिलेलं पत्रक एकाच्या पिशवीत जातं. हे चिखलीतून निगडीत, निगडीतून चाकणला गेलं, आणि तासाभरात मलाच चार जणांनी पाठवलं. एकानं खाली लिहिलं होतं, 'वाचा रडल्याशिवाय राहणार नाही'. दोन दिवसांत शेडवर पथक आलं, परवानगी रद्द, शटर पूर्ण खाली. मी अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "शाब्बास." अण्णा शाब्बास सहसा म्हणत नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीराचा फोन. आवाज एकदम सपाट.

"ताई, निळं दार कशाला लिहिलंत?"

मला आधी कळलंच नाही.

"लोकं येऊन बघायलेत. पलीकडच्या गल्लीतून आलेत. दार बघून फोटू काढायलेत. नळावर येऊ देईनात. काल सकाळपासून पाणी नाही. संडासाला गेले, तर बायांनी बाहेरून कडी घातली, आत जाऊ देईनात. मुलगी म्हणायली, आई, आपलं दार वंगाळ हाय का?"

चाळीत बालाजीला नेलेलं दहा घरांना माहीत होतं. तेवढं त्यांनी निभावलं होतं, कुरकुरत का होईना, पाणी मिळत होतं. माझ्या पत्रकानंतर सबंध चिखलीला माहीत झालं, आणि चाळच बदनाम झाली. भाजीवाला त्या गल्लीत शिरेना. तेव्हा चाळीनं ठरवलं, हे घर इथं नको. घरमालकानं निरोप पाठवला, खोली खाली करा. टाळेबंदी सुरू, नवरा सेंटरला, हातावर शिक्का. जाणार कुठं? सरकार दारावर स्टिकर लावतं म्हणून मी तावातावानं बोलायचे. इथं सरकारचा स्टिकर यायच्या आत मीच लावून मोकळी झाले होते.

स्कूटर काढली. धान्यवाटपाचा पास होता माझ्याकडं. चौकात पोलिसानं अडवलं.

"धान्य कुठंय?"

"पुढे मिळणारे."

टाळेबंदीत मी खोटं बोलले ते एवढंच. पत्रकात एक शब्दही खोटा नव्हता. नुकसान कशानं केलं, ते सांगायला नको.

चाळ सापडायला अजिबात त्रास झाला नाही. कसा होईल? पत्ता मीच लिहिला होता. टोकाला नळ, नळाशेजारी दोन संडास, आणि मध्ये खुर्ची टाकून काठी घेऊन बसलेले एक म्हातारे. मास्कच्या जागी उपरणं. आवाज ऐकला आणि ओळखले. म्हशीवाले नाना. घरमालक तेच.

मी सुरुवात केली. माणुसकी, संकट, एकजूट, सगळं काढलं. गेटवर माझा आवाज शंभर माणसांपर्यंत जातो. इथं दारादारांत उभ्या बायका नुसत्या बघत राहिल्या. नानांनी पुरतं बोलू दिलं.

"झालं? बाई, तुमचं पत्रक आमीच वाचून दाखवलं समद्यांस्नी. लई झ्याक लिवलंय. वाचून ही शकू रडली. मंग डोळं पुसलं आन् संडासाला कडी घातली."

शकू म्हणजे शकुंतला. मीराच्या शेजारची, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हो, घातली," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं एक फुफ्फुस गेलेलंय आधीच. तुम्ही पत्रक लिहून घरी जाणार. तुमच्याकडं संडास घरात असंल."

होता.

"अन् सरकार काय म्हणतंय माहितीय?" ती हातातला कागद फडकवत म्हणाली. मीराला दिलेला सूचनांचा कागद सगळ्या चाळीतही वाटला होता. "स्वतंत्र स्वच्छतागृह वापरावे! दहा खोल्यांत दोन संडास. स्वतंत्र कुठून काढू? पोटातून?"

एरवी मी इथं सरकारला चार वाक्यं सुनावली असती. पण आतून, त्या दारामागून, लहान मुलीचा रडका आवाज आला, "आई, पाणी," आणि बाहेर सगळ्या बायका एकदम खाली बघायला लागल्या. शकुंतलासुद्धा.

मला माझ्यापुरतं कळलं, की इथं निर्दय कुणीच नाही. भ्यालेली आहेत. मी गेटवर ज्यांच्यासाठी लिहीत होते, तीच ही माणसं.

"मी चुकले," मी म्हणाले. ओरडून नाही. "दाराचा रंग लिहायला नको होता. तिनं नाव टाकू नका म्हणून सांगितलं होतं. मी नाव सोडून सगळं टाकलं. खोली खाली करायला तिला लावू नका. त्याच्या बदल्यात मी काय करायचं ते सांगा."

मग शकुंतला नानांना म्हणाली, "नाना, एक संडास तिला देऊन टाकू. चौदा दिवस. कडी तिचीच."

"आन् बाकी नऊ घरं एकात? सकाळी मारामाऱ्या हुत्याल."

"कंपनीत कशा होत नाहीत? तिथं शंभर माणसाला चार संडास. शिफ्ट लावा की."

हे तिनं इतकं सहज म्हटलं, की सगळ्यांना एकदम पटलं. तिथं प्रत्येक घरात कुणी ना कुणी शिफ्टमध्ये काम करणारं होतं. माणुसकी म्हटल्यावर जे चेहरे दगड होते, ते शिफ्ट म्हटल्यावर हलले. आपली शिफ्ट कोणती, यावर लगेच भांडणंही सुरू झाली. एक म्हणाला मला फर्स्ट नको, कंपनीत जन्मभर फर्स्टच केली. दुसरा म्हणाला, ओव्हरटाइम चालेल का, राव, माझं पोट ठीक नाही. पहिल्यांदा तिथं हसू फुटलं.

"रिलिव्हर, म्हंजी पुढच्या पाळीचा गडी, आल्याबिगर जागा सोडायची न्हाई," नाना म्हणाले.

"नाना, इथं उलटं आहे!" शकुंतला म्हणाली. "जागा सोडल्याशिवाय रिलिव्हरनं यायचं नाही."

नळाचंही तसंच ठरलं. पाणी सकाळी दोन तास. ज्याची पाळी शेवटची, त्यानं मीराच्या बादल्या भरून दारापुढं ठेवायच्या, दार वाजवायचं आणि मागं सरायचं. मगच तिनं दार उघडायचं. खोली खाली करण्याचा विषय नानांनी पुन्हा काढला नाही. नुसती खुर्ची उचलून नळापासून बाजूला ठेवली.

"लिवा आता," मला म्हणाले. "तुमचंच काम हाय ना ते."

स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून मी तक्ता लिहिला. खोली, वेळ, काम. जन्मात इतकं कोरडं काही लिहिलं नव्हतं. हात सवयीनं पुढं गेला आणि तळाशी एक ओळ लिहून बसला, संकटात माणूसच माणसाच्या उपयोगी पडतो, अशा काहीतरी थाटाची.

शकुंतलेनं तो कागद लांबूनच वाचला. "ते खालचं खोडा," ती म्हणाली. "ते वाचलं की परत विचार करावा वाटतो."

खोडलं. कागद नळाच्या खांबाला बांधला. चौदा दिवसांत तो कुणी फाडला नाही. बाहेर सगळे कारखाने बंद, आणि त्या चाळीत तीन शिफ्ट सुरू. शकुंतलेनं स्वतःची पाळी शेवटची मागून घेतली. भीती गेली म्हणून नाही. बादल्या दुसरा कुणी नीट भरणार नाही म्हणून, असं तिचं म्हणणं.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते फोनवर म्हणाले, "गेटवर वाचणारा वेगळा आणि शेजारी वाचणारा वेगळा. हे मी तुला शिकवलं नाही, पोरी. मलाच माहीत नव्हतं."

बालाजी परत आला. चालत आला गल्लीत, वाळून गेलेला, हातात डिस्चार्जचा कागद झेंड्यासारखा धरून. टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत. त्याची पाळी कोणती, ते मात्र लगेच सांगितलं.

माझ्या विजयाचं काय झालं, तेही सांगते. शेड बंद झाली, म्हणजे तिथल्या सगळ्यांचं काम गेलं. थोड्या महिन्यांनी तोच मालक त्याच शेडमध्ये दुसऱ्या पाटीखाली सुरू झाला. बालाजीला त्यानं घेतलं नाही. बालाजी आता चाकणला कंत्राटावर आहे. पत्रक काढलं ते चूक होतं का? नाही. तापात माणूस मशीनला उभा करणाऱ्याचं नाव आजही मी तितक्याच मोठ्या अक्षरात लिहीन. पण ज्याच्यासाठी लिहायचं, त्याला पुरतं झाकूनही लिहिता येतं. ते मी शिकले नव्हते, आणि त्याची किंमत एका लहान मुलीनं तहानेनं दिली.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी त्या बाजूला गेले होते. म्हटलं, मीराला भेटावं. चाळीत शिरले आणि थांबले. नानांनी रंगकाम काढलं होतं. सगळी दारं बदललेली, मधल्या दोन खोल्या एक झालेल्या, काही भाडेकरूंनीही आपसांत खोल्या बदललेल्या. निळं दार एकही नाही. मी त्या सगळ्या दारांपुढं मूर्खासारखी उभी.

शकुंतला नळावर कपडे आपटत होती. मला बघितलं, ओळखलं, आणि तोंडावर ओळख दाखवली नाही.

"कोण पाहिजे?"

"मीरा. कोणतं दार तिचं?"

"कशाला पाहिजे?"

"अहो शकूताई, मी. ओळखलं नाही का?"

"ओळखलं की. म्हणून तर विचारलं." तिनं कपडा पिळला, अगदी सावकाश. "आमच्यात असं दार नाही सांगत कुणाला. तिला फोन करा. तिला वाटलं तर येईल बाहेर."

माझ्या आयुष्यात मला मिळालेलं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट ते, आणि तेही माझ्याविरुद्ध. मी फोन लावला. एका खोलीत तो वाजताना ऐकू आला. शकुंतलेनं मुद्दाम तिकडं पाठ केली, म्हणजे तिच्या नजरेवरूनही मला कळू नये. मग मीरा आली बाहेर, "या की ताई, अशा बाहेर काऊन उभ्या?" म्हणाली, आणि आत नेऊन चहा दिला. मोठी मुलगी अभ्यास करत होती. कितवीत आहे, ते विचारलं. इथं लिहीत नाही.

हा लेख लिहिण्याआधी मीराला फोनवर पूर्ण वाचून दाखवला. तिनं दोन ठिकाणी थांबवलं, तिथं बदल केला. नावं अर्थातच सगळी वेगळी आहेत. नानांच्या म्हशी दोनच होत्या की नाही, देऊळ होतं की आणखी काही, लातूर की दुसरा जिल्हा, ते जाऊ द्या.

आणि ते दार निळं नव्हतं.